कुंपणावर नजर ठेवणाऱ्या मुली

‘तुला काय कळतंय त्यातलं?’ हे वाक्य कधीच ऐकलं नाही अशी बाई मला तरी भेटलेली नाही. पण सैन्यातही ते चालतं आणि तिथं त्याची किंमत जिवानं मोजावी लागते, हे इस्रायलच्या नाहल ओझ या लष्करी तळाविषयी वाचताना लक्षात आलं.

गाझाच्या कुंपणाजवळच्या या तळावर तरुण मुली पडद्यासमोर बसून रात्रंदिवस सीमेवर नजर ठेवायच्या. २०२३ मध्ये कित्येक महिने त्या वरिष्ठांना सांगत होत्या, की हमासची माणसं कुंपणाजवळ सराव करताहेत. जुलैत गुप्तचर विभागातल्या एका महिला विश्लेषकानं हा सराव आधीच हाती लागलेल्या हल्ल्याच्या आराखड्याशी ताडून पाहिला. तो जुळत होता. एका कर्नलनं तिचं म्हणणं काल्पनिक ठरवलं. ७ ऑक्टोबरला हल्ला झाला, सुमारे १२०० माणसं गेली. त्यात या तळावरच्या १५ निरीक्षक मुली होत्या, सातजणींना पळवून नेलं. पुढच्या युद्धात गाझातल्या हजारो बायका-मुलांचा बळी गेला.

म्हणजे माहिती होती. पण ‘हमासला आत्ता लढाई नको आहे’ हे आधीच ठरलेलं होतं. स्थळ एकदा मनात भरलं की आपण नाही का चौकशीला जातो ते चांगलंच ऐकायला? तसंच हे. वरिष्ठांची एक अडचण मात्र खरी, सराव नेहमीचाच, दर वेळी फौज हलवणार कशी?

नवल म्हणजे हा धडा इस्रायलनं १९७३ मध्येच घेतला होता. तेव्हाही इजिप्त इतक्यात लढणार नाही हे गृहीत धरलेलं. युद्ध येतंय असं लिहिणाऱ्या तरुण लेफ्टनंटचा कागद वर गेलाच नाही. नंतर मुद्दाम उलट बाजू मांडणारा छोटा विभाग नेमला. २०२३ मध्येही तो होता!

सीआयएत काम केलेले रिचर्ड्स ह्यूअर यांची रीत सोपी आहे. सगळ्या शक्यता शेजारी शेजारी लिहा आणि पुरावा कशाला धरून आहे यापेक्षा कशाला खोटं पाडतो ते बघा. मी म्हणेन, आधी सांगणाऱ्याचा हुद्दा झाका, बाई की पुरुष तेही झाका, मग वाचा.

त्या सातजणींपैकी एकीला सैन्यानं सोडवलं, एक कैदेत मारली गेली. पाचजणी जानेवारी २०२५ मध्ये घरी परतल्या.