तेलकट हातांची विद्या

डोंगरवाटांवर चालविण्याच्या सायकलींना आता सीटखाली एक नव्या तऱ्हेचा दांडा बसवितात. हँडलावरील कळ दाबून सीटवर भार दिला की सीट खाली जाते. भार काढून कळ पुन्हा दाबली की ती वर येते. यास ड्रॉपर सीटपोस्ट म्हणतात. चढावर सीट उंच असली म्हणजे पायांस पुरता जोर मिळतो. उतारावर ती खाली असली म्हणजे अंग खाली व मागे नेऊन तोल सावरता येतो. हा दांडा पैसे देऊन दुकानात बसवून घ्यावा की स्वतः बसवावा? आमचे मत असे की, तो विद्यार्थ्याने जाणत्याच्या देखरेखीखाली स्वतःच बसवावा.

या खेळाचा जन्मच मुळी तेलकट हातांतून झाला आहे. कॅलिफोर्नियातील टॅमलपाईस पर्वताच्या परिसरात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या सायकलींवरून उताराच्या शर्यती सुरू केल्या. उतार असा उभा की, ब्रेक तापून मागील चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेस ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, हेच नाव पडले! पुढे २०१० साली रॉकशॉक्स कंपनीचा ‘रिव्हर्ब’ हा दांडा आला. त्याची कळ तेलाच्या दाबावर चाले.

असा दांडा बसविणे म्हणजे एक प्रात्यक्षिकच होय. फ्रेमच्या नळीचा व्यास ३०.९ मिलिमीटर की ३१.६, हे आधी पाहावे लागते; येथे अंदाज चालत नाही. तेलाची नळी कापण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून लांबी ठरवावी लागते. दांड्यावरील खुणेइतका भाग फ्रेमच्या आत जावाच लागतो. शेवटी दोन पिचकाऱ्यांनी तेलातील हवा काढावयाची. हवेचा एखादा बुडबुडा राहिला तर कळ दाबताच तोच दबतो, आणि झडपेपर्यंत जोर पुरता पोहोचत नाही. द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आमचे विद्यार्थी घडाघड म्हणून दाखवितात. पण तो बोटांखाली अनुभवलेले किती?

कोणी म्हणेल, चूक झाली तर महागडी वस्तू बिघडेल. शंका रास्त आहे. दाबाखालील आतला भाग मुळीच उघडू नये आणि काम झाल्यावर ते जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे. परंतु सुशिक्षिताने पान्हा हाती धरणे कमीपणाचे, ही जी समजूत घराघरांत मुरली आहे, तिच्यापायी होणारे नुकसान त्याहून मोठे आहे. ज्याने एकदा स्वतः हे काम केले, तो कारागिराच्या श्रमाचे मोल करताना घासाघीस करणार नाही. पालकांनी मुलांचे काळे झालेले हात पाहून रागावू नये, एवढीच आमची विनंती आहे. ते हात साबणाने स्वच्छ होतील. त्यांना आलेली विद्या मात्र राहील.