मंचावरची वऱ्हाडी : मान मिळाला, पण हशापुरताच?

विशेष प्रतिनिधी

अमरावती : 'झी मराठी'वरील 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये त्याने प्रेक्षकांचा निरोप घेतला. २०२५ मध्ये तो नव्या स्वरूपात परतला. डॉ. नीलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे आदी कलावंतांच्या प्रहसनांनी 'थुकरटवाडी' हे काल्पनिक गाव राज्यभरातील घराघरांत पोहोचविले. अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकांना मात्र या गावातील एक गावकरी विशेष जवळचा वाटला. तो म्हणजे मूळचे अमरावतीचे असलेले भरत गणेशपुरे. 'फू बाई फू'पासून त्यांनी मंचावर आपली वऱ्हाडी बोली सोडली नाही. त्या बोलीचे पुढे काय झाले, याचा लेखाजोखा आता मांडायला हवा.

प्रथम जमेची बाजू. पुण्या-मुंबईत शिकायला गेलेला वऱ्हाडी तरुण पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट हमखास शिकत असे, ती म्हणजे 'मले' गिळून 'मला' म्हणणे. 'काहून' म्हटले की वर्गात कुणीतरी हसे. 'काय करून रायला?' असे विचारले की समोरचा गाव विचारी. आपल्या घरची भाषा म्हणजे अशुद्ध मराठी, हा समज शाळेपासूनच मनात रुजलेला. अशा वेळी राज्यातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांपैकी एकात तीच भाषा, तोच हेल, तोच संथ ठसका आठवड्यामागून आठवडे ऐकू येऊ लागला. ज्या शब्दांसाठी संकोच वाटे, तेच शब्द मित्र कौतुकाने पुन्हा म्हणून घेऊ लागले. आज मोबाइलवर वऱ्हाडीतून विनोदी चित्रफिती करणाऱ्या तरुणांची जी गर्दी दिसते, तिला हा आत्मविश्वास मिळण्यात दूरचित्रवाणीवरील प्रहसनांचा वाटा नाकारता येणार नाही.

परंतु या कौतुकाला एक मर्यादा आहे. वऱ्हाडीला दूरचित्रवाणीच्या घरात प्रवेश मिळाला तो मुख्यत्वे विनोदाच्या दारातून, आणि तिला बसायला जागाही तिथेच मिळाली. बोलीतील विनोद आणि बोलीचा विनोद यांत फरक आहे. पहिल्यात माणसाची हुशारी, परिस्थितीवरचे भाष्य आणि अचूक वेळ यांमुळे हसू येते. दुसऱ्यात 'डोळा'ऐवजी 'डोया' म्हटले एवढ्यानेच. वऱ्हाडी माणसाचा विनोद मुळात तिरकस आणि कमी बोलणारा आहे. मोठे संकट तो लहान करून सांगतो आणि हसतो तो स्वतःवरच. गणेशपुरे यांच्या अभिनयात हा गुण होता, म्हणूनच तो टिकला. पण वाक्यांना 'ले' आणि 'बाप्पा' जोडले की झाली वऱ्हाडी, असे मानून होणाऱ्या नकलांत त्याचा मागमूस नसतो. अकोल्याची बोली, नागपूरची बोली आणि पूर्वेकडील झाडीबोली यांना 'विदर्भाची भाषा' म्हणून एकाच पोत्यात भरले जाते, ते वेगळेच.

प्रश्न असा की, या बोलीला हसविण्यापलीकडे काही येत नाही काय? इतिहास तसे सांगत नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या परिसरात सिद्ध झाला. याच रिद्धपुरात आज राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ आहे. याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना खास वऱ्हाडीत प्रश्न विचारीत आणि उत्तरेही त्यांच्याकडूनच वदवून घेत. श्रोते हसत. पण त्या हसण्याच्या शेवटी कर्ज, दारू, अस्वच्छता आणि अंधश्रद्धा यांवरचा प्रहार असे. उद्धव शेळके यांनी १९६० मध्ये 'धग' कादंबरीत कौतिकची होरपळ सांगताना संवादांसाठी हीच बोली निवडली, आणि तिथे कुणाला हसू फुटत नाही. पुरुषोत्तम बोरकरांच्या 'मेड इन इंडिया'त हसू आणि कळ एकाच वाक्यात नांदतात. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी म्हणींचा अभ्यास करून या बोलीतील शहाणपण अभ्यासकांपुढे ठेवले. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाने कोरडवाहू शेतकऱ्याची घुसमट याच भाषेत पडद्यावर आणली.

इतर बोलींचा अनुभवही बोलका आहे. मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर गाजली ती 'वस्त्रहरण'सारख्या धमाल नाटकातून, म्हणजे विनोदातूनच. पण २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेत ती गूढ आणि भीतीची भाषा झाली. 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापुरी बोलीला नायक मिळवून दिला, तर 'लागिरं झालं जी'ने सातारी बोलीला प्रेमकथा आणि सैनिकाचा अभिमान. विदर्भाच्या वाट्याला आलेले ठळक उदाहरण म्हणजे 'माझ्या नवऱ्याची बायको'मधील राधिका. तिची बोली नागपूरकडची. नवऱ्याला गावंढळ वाटणारी ही स्त्री स्वतःच्या बळावर उद्योजिका झाली आणि प्रेक्षक तिच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे गंभीर भूमिकेतील वैदर्भीय बोली प्रेक्षक स्वीकारत नाहीत, हा बहाणा टिकत नाही. तरीही अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडीला स्वतःची राधिका अद्याप मिळालेली नाही.

याचा दोष प्रहसन करणाऱ्या कलावंतांना देणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे काम हसविण्याचे होते आणि ते त्यांनी चोख केले. त्यांनी दार उघडले, पण त्यांच्यामागून मालिका, चर्चा आणि वृत्तनिवेदन यांतून वऱ्हाडी आत यायला हवी होती, ती आली नाही. बहुतेक मराठी वाहिन्यांची निर्मिती मुंबई परिसरात होते. लेखक-दिग्दर्शकांच्या कानावर मालवणी किंवा सातारी सहज पडते. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवरचे वऱ्हाड त्यांना भेटते ते बहुधा दुसऱ्याने केलेल्या नकलेतून.

हा प्रश्न केवळ भाषाप्रेमाचा नाही. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. त्यानंतरही या पट्ट्यातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांचे दुःख बातम्यांतून येतच राहिले. एखादी शेतकरी विधवा कॅमेऱ्यासमोर 'मले कोनी इचारलं नाही' असे सांगते, तेव्हा ऐकणाऱ्या कानाला 'मले' म्हणजे हशा अशीच सवय लागली असेल तर काय होईल? तिचे म्हणणे पोहोचण्याआधी तिचा हेल पोहोचेल. ज्या समाजाची भाषा फक्त गमतीची मानली जाते, त्याची तक्रारही हलक्यानेच घेतली जाण्याचा धोका असतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा रिद्धपूरच्या गद्याचा आहे, तसाच तो आजही वऱ्हाडात बोलल्या जाणाऱ्या बोलीचा आहे. वऱ्हाडी ऐकून महाराष्ट्र हसला, याचा आनंदच आहे. आता त्याने ती थोडा वेळ न हसताही ऐकावी, एवढीच या भागातील प्रेक्षकांची रास्त अपेक्षा आहे.