टॉवरच्या भिंतीवर भाजी पिकेल का? आधी जुन्नरचा मांडव बघा

तुम्हीही असं रील पाहिलं असेल. तीस मजली इमारत, प्रत्येक बाल्कनीतून लटकणारे लालभडक टोमॅटो आणि खाली लिहिलेलं, 'उद्याची शेती'. मी ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. नारायणगावजवळ आमचा कारल्याचा मांडव आहे. अण्णांनी दोनच प्रश्न विचारले, "पाणी कुठलं? आणि तोडा कोण करणार?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वाकडला चौदाव्या मजल्यावर राहतो. आमच्या सोसायटीच्या गेटजवळची हिरवी भिंत दुसऱ्याच उन्हाळ्यात वाळून गेली. आता इमारतीच्या दक्षिणेकडच्या ५०० चौरस मीटर भिंतीवर भाजीपाला लावायचा प्रस्ताव सभेत येतोय. खर्च प्रत्येक फ्लॅटवर पडणार. म्हणून हिशेब मांडून बघितला.

पाणी

जुन्नर-आंबेगावची बागायत कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे अशा धरणांवर आणि ठिबकवर उभी आहे. टॉवरच्या भिंतीमागे धरण नसतं. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला रोज साधारण ५ ते ७ लिटर पाणी लागतं. म्हणजे आमच्या भिंतीला २,५०० ते ३,५०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर तीन-चार दिवसांत संपला! जी सोसायटी आधीच टँकरवर जगते, तिला हे परवडेल का?

सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, पण ते ठिबकने थेट मुळाशीच द्यायचं. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला ते नकोच.

ऊन

मांडव आडवा असतो, डोक्यावरचं ऊन पूर्ण घेतो. भिंत उभी. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला भर दुपारी थेट ऊन मिळतच नाही. डिसेंबरात मात्र सूर्य कललेला असतो आणि तीच भिंत उन्हात न्हाते. थोडक्यात, ही भिंत हिवाळ्यातल्या मेथी-पालकाची आहे. टोमॅटो-कारल्याला रोज सहा तास तरी ऊन हवं, तेही शेजारच्या टॉवरची सावली चुकवून.

वजन आणि वारा

भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या बाल्कनीचं डिझाइन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरून करतात. बाहेरच्या कडेवर दर मीटरला साधारण १५० किलो. ओल्या मातीची २० लिटरची पिशवी २५ किलोच्या आसपास जाते. कडेला तीन पिशव्या आणि त्यावर दुसरा थर लावला, की हद्द गाठलीच. शिवाय उंचावर वारा जास्त, म्हणून माती लवकर सुकते आणि वेल फाटतात. मधमाश्या कमी आल्या, तर कारल्याच्या मादी फुलावर हाताने पराग लावावा लागतो.

तोडा

खरी मेख इथे आहे. कारलं, काकडी एक-दोन दिवसांआड तोडावी लागते. नाही तोडली तर माल जून होतो. मिलानच्या 'बॉस्को व्हर्टिकाले' या २०१४ च्या जुळ्या टॉवरवर सुमारे ८०० झाडं आहेत. त्यांची छाटणी करायला माळी दोरावर लटकून उतरतात, आणि तिथे तर भाजी नाहीच. चीनच्या चेंगदूमध्ये अशाच हिरव्या टॉवरांमध्ये फार कमी कुटुंबं राहायला आली. झाडं माजली, डास झाले आणि २०२० मध्ये त्याच्या बातम्या जगभर गेल्या. सेन्सर ओलावा सांगेल, अ‍ॅप ठिबक सुरू करेल, पण बाराव्या मजल्याबाहेरचं कारलं कोण तोडणार?

मग करायचं काय?

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात सौर पॅनेल आणि पालेभाजीची कुंडी एकत्र बसवणाऱ्या दर्शनी भिंतींवर प्रयोग झालेत. मला त्यातली साधी गोष्ट पटते: कुंडी हाताच्या अंतरावर हवी. सभेत मी हेच मांडणार आहे. पूर्ण भिंत नको. ज्यांना हवं त्यांच्या बाल्कनीच्या आतल्या बाजूला ठिबकची लाइन द्या, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भार तपासून घ्या आणि एक हिवाळा चार फ्लॅटवर करून बघा.

आणि 'शहरं स्वतःच भाजी पिकवतील, मग गावाकडच्यांचं काय?' ही धास्ती? आमची ५०० चौरस मीटर भिंत म्हणजे जेमतेम पाच गुंठे. एका एकराला अशा आठ भिंती लागतील. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला ती काही टक्कर देत नाही. फार तर तुमची कोथिंबिरीची जुडी वाचेल आणि खोली थोडी गार राहील. तेवढं मिळालं तरी चांगलंच आहे, पण जाहिरातीत तेवढंच सांगा.

तुमच्याकडेही असा प्रस्ताव आला, तर फोनमधलं कंपास उघडा. बाल्कनी कुठल्या दिशेला आहे आणि तिथे किती तास ऊन येतं, हे आठवडाभर लिहून ठेवा. मग अण्णांचे दोन प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली, तरच वर्गणी द्या.