शेवाळाची साक्ष

पावसाळा सरत आला की आमच्याकडे एक वाद ठरलेला. मागच्या भिंतीवर हिरवी मखमल चढते आणि 'हे' खराटा घेऊन खरवडायला निघतात. मी म्हणते, राहू द्या हो, पायाखाली थोडीच येतेय! यंदा माझ्या बाजूने एक भक्कम मुद्दा मिळालाय.

आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण शास्त्रात हे मॉस. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, तेव्हा विज्ञानात चुकले तर कान धरा. मॉसला खरी मुळं नसतात आणि पानं बहुधा एकाच पेशीच्या थराची. त्यामुळे ते पाऊस, धूळ, हवा यांतूनच पोट भरतं, आणि त्याबरोबर शिसं, कॅडमिअमही साठवतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये रूलिंग आणि टिलर यांनी हे हेरलं. १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी मॉस तपासतात.

पण मला चटका लावला तो अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोष्टीने. तिथल्या वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये शहरभरच्या झाडांवरून मॉसचे ३४६ नमुने गोळा केले. दोन ठिकाणी कॅडमिअम भलतंच जास्त निघालं. जवळच रंगीत काचेचे कारखाने! काचेला पिवळा-लाल रंग आणायला कॅडमिअम वापरतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये एका कारखान्याजवळ यंत्रं लावून हवा मोजली, तर कॅडमिअम राज्याने ठरवलेल्या पातळीच्या ४९ पट आणि आर्सेनिक १५९ पट! आसपास घरं, मुलं... आणि लोकांना हे कळलं २०१६ उजाडल्यावर.

मॉसने आपलं काम चोख केलं होतं. उशीर केला तो माणसांनी. तेव्हा अशा छोट्या भट्ट्या कडक नियमांत धरल्याच जात नव्हत्या, म्हणून तिथे कुणी यंत्रही लावलं नव्हतं. जिथे शोधायचंच नाही तिथे सापडणार काय?

मॉस म्हणजे काही शेवटचा निकाल नव्हे, हेही खरं. त्यातला धातू म्हणजे थेट आपल्या श्वासातला धातू नव्हे. खात्री यंत्रानेच करावी लागते. पण महागडं यंत्र नेमकं कुठे लावायचं, हे ते फुकटात सांगतं. मग त्याला विचारायला काय हरकत आहे?

सिअ‍ॅटलमध्ये २०१९ साली कारखान्यांशेजारच्या वस्तीतल्या शाळकरी मुलांनीच मॉस गोळा केलं. वाचून माझ्यातली बाई जागी झाली. धड्याखालचे प्रश्न सोडवण्यापेक्षा आपल्याच हवेला प्रश्न विचारणं, याहून चांगला स्वाध्याय कुठला?

असो. यंदा भिंत तशीच आहे. खराटा मी लपवलाय. तुमच्या भिंतीवर काय उगवलंय, जरूर कळवा.