हत्ती सातबारा पाहत नाही



वाघ, अस्वल, रानगवा, डुक्कर हे आपल्या ओळखीचे. कोण कधी निघतो, कुठं पाणी पितो, गुराख्याला ठाऊक असतं. हत्तीचं तसं नाही. ओडिशाकडला कळप छत्तीसगडमार्गे २०२१ साली गडचिरोलीत उतरला आणि २०२२ मध्ये आपल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात पोचला. आपल्या म्हाताऱ्यांनाही या जनावराची सवय नव्हती.

मोठा हत्ती दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा खातो. बांबू, झाडाची साल, गवत, आणि निसवलेला धान. त्यातलं निम्मंही त्याला पचत नाही. म्हणून त्याला चालत राहावंच लागतं, एका जागी जंगल पुरणार नाही. कळप चालवते म्हातारी मादी, आणि पाणी-चाऱ्याची वाट ती विसरत नाही. ज्या बांधीत एकदा पोट भरलं तिकडं पाय पुन्हा वळतात. घरात ठेवलेल्या मोहफुलाचा वास तर त्याला भिंतीआडूनही लागतो.

२०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, नकाशावर हद्द पडली. ती हद्द ना वाघ मानतो ना हत्ती. नवेगावहून नागझिऱ्याकडं जायचं तर मधे गावांचं जंगल लागतं, बांध्या लागतात, मोठा महामार्ग लागतो. जनावरं ज्या गावजंगलातून जातात ते गावानं राखलं म्हणून उभं आहे. प्रकल्पाच्या पाटीवर हे लिहिलेलं आम्ही पाहिलं नाही.

आता नुकसानीचं. पंचनाम्याला आलेला माणूस पहिलं विचारतो, सातबारा कुठाय? वनहक्काचा दावा टाकून वर्षानुवर्षं बसलेल्याजवळ तो कुठून येणार? मंग 'अतिक्रमण' म्हणून वही बंद. एकाच रात्री, एकाच कळपानं तुडवलेल्या दोन बांध्या; एकाला भरपाई, दुसऱ्याला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं, दाव्याची पडताळणी पूर्ण होईस्तोवर दावेदाराला जमिनीवरून हटवता येत नाही. कायदा ज्याला हटवू देत नाही तो अतिक्रमणदार कसा? दाव्याची पोच हाच पुरावा धरा, ही आमची मागणी आहे.

काही पोरं तारेत करंट सोडायची भाषा करतात. ते आम्हाला मान्य नाही. त्या तारेत आधी आपलीच गाय, आपलाच माणूस सापडतो. फटाके, टेंभे घेऊन मागं धावणंही सोडा. पिलू सोबत असलं की मादी उलटते. मोबाईलवर फोटो काढायला जाणाऱ्यांना तं काय सांगावं!

त्याच कायद्याचं कलम ५ वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. म्हणून धान कापणीच्या आधी ग्रामसभा बोलवा. जागल कोणाची, मोहफूल कुठं ठेवायचं, कळप दिसला तर शेजारच्या टोल्यावर निरोप कोण नेणार, हे ठरवा. आणि एक वही करा. तारीख, बांधी कोणाची, किती तुडवली, दाव्याचा नंबर, पाच जणांच्या सह्या किंवा अंगठे. पंचनामा झाला नाही तरी ही नोंद त्याच दिवशी करा, आणि तिची नक्कल अर्जाला जोडून पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.