पतंगाच्या दोरीला बांधलेली सफर

रत्नागिरी जिल्ह्यातून एका खालाजानचे पत्र आले आहे. मुलगा आणि सूनबाई ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरीला. दोघांनी कोकोस बेटांवर जाऊन काइटसर्फिंग करायचे मनावर घेतले आहे. खालाजान लिहितात, "आपा, पतंगाला लटकून समुद्रात जायचे, हा कसला शौक? जिवाला धोका किती? तिथे नमाज, खाणेपिणे कसे? आणि सूनबाईने हे करावे का?"

खालाजान, आधी जागा समजून घेऊ. कोकोस (कीलिंग) ही हिंदी महासागरातली २७ लहान प्रवाळबेटे. ताबा ऑस्ट्रेलियाचा, पण पर्थपासून अंतर सुमारे २,९०० किलोमीटर. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'कंकणद्वीप' शिकतो, तेच हे. बेटांची बांगडी आणि मध्ये उथळ, निळे पाणी, म्हणजे लगून. १८३६ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स डार्विन बीगल जहाजाने इथे आला होता. प्रवाळबेटे कशी घडतात हे त्याने पुढे १८४२ च्या पुस्तकात मांडले, त्यात या बेटांचा मोठा वाटा आहे.

माणसे मोजून सहाशेच्या आसपास. त्यांतली बहुतेक होम आयलंड नावाच्या छोट्या बेटावर राहतात आणि ती जवळजवळ सगळी मलय मुसलमान, आपल्या कोकणी जमातीप्रमाणेच शाफई. त्यांच्या पूर्वजांना १८२६ पासून पुढे इथे आणले गेले ते नारळाच्या कामासाठी. क्लुनीज-रॉस घराण्याने पिढ्यानपिढ्या बेटांवर मालकी गाजवली. मजुरी मिळे ती 'कोकोस रुपया' नावाच्या टोकनांत, आणि ती टोकने चालत फक्त मालकाच्याच दुकानात! १९७८ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने ६२.५ लाख डॉलर देऊन जवळजवळ सगळी जमीन विकत घेतली. १९८४ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झाले आणि लोकांनी ऑस्ट्रेलियात सामील होण्याचा कौल दिला. हे एवढे लिहिण्याचे कारण असे की सहलीच्या जाहिरातीत निळे पाणी दिसते, ही माणसे दिसत नाहीत. मुलगा-सून तिथे जाणार ते कोणाच्या तरी अंगणात पाहुणे म्हणून.

आता शौकाची गोष्ट. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, हातात दांडी आणि वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला भला मोठा पतंग. वारा ओढतो, फळी पाण्यावर धावते. पतंगाचे आकार चौरस मीटरमध्ये मोजतात. वारा जोराचा असेल तर लहान, मंद असेल तर मोठा, आणि माणसाचे वजनही त्यात धरावे लागते. म्हणून लोक सोबत दोन-तीन पतंग नेतात. कोकोसवर मे ते ऑक्टोबरपर्यंत आग्नेयेकडून व्यापारी वारे नेमाने वाहतात. बाहेरच्या प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटतात, आत पाणी सपाट राहते. या खेळाला एवढेच हवे असते, म्हणून जगभरातले शौकीन इतक्या लांब येतात.

धोका आहे, पण तो कुठे आहे ते नीट ओळखावे. पाणी उथळ असल्यामुळे बुडण्याइतकीच भीती प्रवाळाची. त्याचा ओरखडा चिघळतो, पायात जाड बूट हवेतच. दुसरी भीती वाऱ्याच्या दिशेची. लगूनचे मोठे तोंड उत्तरेच्या अंगाला आहे आणि आग्नेयेचा वारा साधारण तिकडेच ढकलतो. दोरी तुटली, पतंग पाण्यात पडला, तर माणूस किनाऱ्यापासून दूर दूर जात राहतो. मदतीची होडी पाण्यात आहे हे पाहिल्याशिवाय उतरू नये. एकट्याने तर कधीच नाही. पट्ट्याला पतंग तत्काळ सोडून देण्याची कळ असते. ती डोळे मिटून सापडेपर्यंत हाताला सराव हवा. डोक्यावर हेल्मेट, अंगात तरंगते जॅकेट. गंभीर दुखापत झाली तर विमानाने पर्थला हलवावे लागते, तेव्हा प्रवासविम्यात हा खेळ नावानिशी धरला आहे का ते आधी कागदावर पाहावे. नुसते 'साहसी खेळ' एवढ्या शब्दावर विसंबू नये.

माझे स्पष्ट मत सांगते : पहिले धडे कोकोसवर घेऊ नयेत. तिथे विमाने आठवड्यातून मोजकीच, दिवस थोडे आणि खर्च मोठा. भाजीपालासुद्धा बाहेरून येतो, मग बाकीचे बोलायलाच नको. पर्थमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून जोराचा वारा येतो, तिथले लोक त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. शहराच्या दक्षिणेला सेफ्टी बेचे उथळ पाणी या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे उस्तादाकडून रीतसर शिकावे, दोन-तीन महिने सराव करावा आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये कोकोस. एवढा धीर नसेल तर शौक अजून कच्चा आहे असे समजावे. सामानात जादा दोऱ्या आणि पतंगाची फुगी चिकटवण्याचे ठिगळ न्यावे, कारण एवढ्या लांबच्या बेटावर सुटा भाग मिळेलच याचा भरवसा नाही.

सूनबाईंबद्दल. खालाजान, मी तर म्हणते जाऊ द्या. पोहता येते का एवढे मात्र विचारा. उन्हापासून आणि प्रवाळापासून वाचायला पुरुषही तिथे अंगभर कपडे घालून उतरतात. अंगभर पोहण्याचा पोशाख, ज्याला बुर्किनी म्हणतात, तो तर ऑस्ट्रेलियातच २००४ मध्ये अहेदा झनेट्टी या मुसलमान बाईंनी तयार केला. पर्द्याची अडचण इथे बहुतेक आपल्या मनातच जास्त असते.

राहणे बहुधा वेस्ट आयलंडवर होईल, विमानतळ तिथे आहे. होम आयलंडला फेरीबोटीने जाता येते. तिथे दारू विकली जात नाही आणि पाहुण्यांनी अंग झाकून यावे अशी अपेक्षा असते. एक दिवस तरी पतंग गुंडाळून तिकडे जावे, जुम्मा असेल तर उत्तमच. नारळाच्या मजुरांची ही औलाद 'जुकोंग' नावाच्या शिडाच्या होड्या चालवण्यात तरबेज आहे. ईदला त्यांच्या शर्यती लागतात. वारा कसा वाचावा हे त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या चाचाकडून ऐकायला मिळाले, तर ते उस्तादाच्या फीमध्ये बसणारे नाही.

नमाजचे सोपे आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा फक्त एक तास पुढे. किब्ला मात्र सरळ पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून सुमारे ३० अंश उत्तरेकडे वळावे लागते. आणि आठवडाभर राहण्याची नियत असेल तर शाफई मसलकात तिथे नमाज पूर्ण पढावी लागेल, कारण येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवसांचा मुक्काम ठरला की कसर राहत नाही. हनफी असतील तर पंधरा दिवसांच्या आत कसरच. मुलाचा मसलक पत्रात लिहिलेला नाही, तेवढे त्याला फोनवर विचारून घ्या.