स्मृती कायद्याची आणि संस्कारांची

१९३८ मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथून मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. आई आपल्या लहानग्याला रानातली विषारी अळंबी ओळखायला शिकवते आणि ज्यू माणूसही तसाच विषारी असतो, हे त्याच्या मनावर ठसवते, असा त्याचा आशय. प्रकाशक होता युलियुस श्ट्रायखर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या सरकारी शाळांतून उरल्यासुरल्या ज्यू मुलांना बाहेर काढण्यात आले. साठ लाख ज्यूंच्या संहाराचा शेवट गोळीबाराच्या खंदकांत आणि विषारी वायूच्या कोठड्यांत झाला. परंतु त्याची मशागत शाळेच्या वर्गात आधीच झालेली होती. पुढे श्ट्रायखरला फाशी झाली ती स्वतःच्या हाताने कोणाला मारल्याबद्दल नव्हे, तर वर्षानुवर्षे द्वेष छापून संहाराला चिथावणी दिल्याबद्दल.

जे विष शाळेतून पसरले त्याचा उतारा शाळेतूनच दिला पाहिजे, हा विचार अमेरिकेतील कायद्यांच्या मुळाशी आहे. तेथे अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार राज्यांचा. १९९० मध्ये इलिनॉयने ज्यूंच्या संहाराचे शिक्षण सक्तीचे केले. पुढे न्यू जर्सी, फ्लोरिडा आदी राज्ये त्याच मार्गाने गेली. २०२० मध्ये केंद्रीय कायदा होऊन वॉशिंग्टनच्या स्मृतिसंग्रहालयाला शिक्षकांच्या साहाय्यासाठी पाच वर्षांकरिता एक कोटी डॉलरची तरतूद झाली. तरीही त्याच वर्षीच्या एका सर्वेक्षणात अमेरिकेतील ६३ टक्के तरुणांना मृतांची संख्या ठाऊक नव्हती आणि जवळजवळ निम्म्यांना एकाही छळछावणीचे नाव सांगता आले नाही. म्हणूनच शाळांत नेमके काय शिकवले जाते याची पाहणी करून संसदेला अहवाल द्यावा, असे विधेयक २०२३ मध्ये मांडले गेले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा आले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शाळांतील ज्यूद्वेषाला आळा घालणारा कायदा संमत केला.

या कायद्यांवर आक्षेप आहेत आणि ते सारेच दुष्ट हेतूचे नाहीत. ज्यूद्वेषाच्या व्याख्येत इस्रायल सरकारवरील टीकाही ओढली जाईल आणि शिक्षक धास्तावतील, अशी भीती व्यक्त होते. प्रचलित व्याख्येचा मूळ मसुदा ज्यांनी प्रामुख्याने लिहिला, त्या केनेथ स्टर्न यांनीच तिचा वापर बोलण्यावर बंधने घालण्यासाठी होऊ नये, असे बजावले आहे. सरकारवर टीका आणि समाजाचा द्वेष यांतील रेषा शिक्षकाला दाखवता आली पाहिजे. कायदा पाठ सक्तीचा करू शकतो. विवेक सक्तीने शिकवता येत नाही.

या प्रश्नाकडे भारताला ताठ मानेने पाहता येते. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. गावावरून आडनावे घेऊन आणि मराठीत कीर्तने करून ते येथलेच झाले. जर्मनीत ज्यू मुलांसाठी शाळांची दारे बंद होत होती, त्या १९३७-३८ या काळात डॉ. ई. मोझेस मुंबईच्या महापौरपदी होते! या भूमीने त्यांना दिलेला आसरा हे कायद्याचे नव्हे, संस्कारांचे फळ होते.

मात्र हाच अभिमान आपल्याला दोन प्रश्न विचारतो. पहिला आपल्या स्वतःच्या विस्मृतीचा. १९७१ च्या २५ मार्चच्या रात्री ढाका विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉलमध्ये हिंदू विद्यार्थी आणि अध्यापक मारले गेले. पूर्व बंगालमध्ये बंगाली मुसलमानांचीही कत्तल झाली. परंतु हिंदू हे निवडून टिपलेले लक्ष्य होते, हे अमेरिकेचे तेथील वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी तेव्हाच आपल्या सरकारला कळवले होते. १९९० मध्ये काश्मीर खोऱ्यातील पंडितांना घरदार सोडावे लागले. दहावी उत्तीर्ण झालेल्या किती मराठी मुलांना यातले काही सांगता येईल?

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. 'या देशाला एखादा हिटलरच हवा' हे वाक्य आपल्या दिवाणखान्यांत किती सहजपणे उच्चारले जाते! राष्ट्रीय विचारांची घरेही त्याला अपवाद नाहीत. पदपथावर त्याचे आत्मचरित्र मांडलेले असते आणि शिस्तीचा, राष्ट्रभक्तीचा आदर्श म्हणून ते मुलांच्या हाती पडते. ज्याने आपल्याच देशाच्या नागरिकांना, तान्ह्या मुलांसकट, मृत्यूच्या गाडीत भरले आणि अखेर जर्मनीलाही राखेत लोटले, त्याच्यात राष्ट्रभक्ती कोठली? बेने इस्रायलींना सामावून घेतल्याचा अभिमान आणि हिटलरचे कौतुक एका घरात नांदू शकत नाही. पंडितांसाठी अश्रू ढाळणाऱ्याने दुसऱ्या कोणत्याही समाजाला सरसकट विषारी ठरवणारी भाषाही घरात येऊ देता कामा नये. कारण त्या जर्मन पुस्तकाची भाषा नेमकी हीच होती.

अमेरिकेला कायदा करावा लागतो आहे. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरातली संध्याकाळ आणि शाखेतले बौद्धिक आपल्या हाती आहे. तेथे जगन्नाथ हॉलही सांगितला जावा आणि आउश्वित्झही.